ऑस्टरलिट्झला सैन्य कमी असूनही नेपोलियन कसा जिंकला?

थोडक्यात सांगायचं तर त्याने शत्रूला हवं ते दाखवलं. २ डिसेंबर १८०५, ठिकाण आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नो शहराजवळ. समोर रशियाचा झार अलेक्झांडर आणि ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्सिस, दोघांचं मिळून साधारण ८५ हजार सैन्य. नेपोलियनकडे सत्तर हजारांच्या आसपास.

त्याने प्रात्झेनची मोक्याची टेकडी आपणहून सोडली आणि उजवी बाजू मुद्दाम विरळ ठेवली. वृद्ध रशियन सेनापती कुतुझोव्ह ‘मागे हटू, कुमक येऊ द्या’ म्हणत होता, पण तरुण झारला घाई! दोस्तांनी (म्हणजे रशिया-ऑस्ट्रियाच्या सैन्याने) टेकडीवरून उतरून त्या कमकुवत बाजूवर लोंढा सोडला. तिथे नेपोलियनचा मार्शल दावू याच्या तुकड्यांनी त्यांना अडवून धरलं. हे लोक व्हिएन्नाहून दोन दिवसांत शंभरेक किलोमीटर चालून आले होते. माझ्या मते खरं श्रेय त्यांचं. दरम्यान टेकडीवरची गर्दी ओसरली. खाली धुक्यात दबा धरून बसलेली दुसरा फ्रेंच मार्शल सूल्त याची फौज सकाळी नऊच्या सुमारास वर चढली आणि दोस्तांच्या सैन्याची मधोमध दोन शकलं झाली.

पळताना गोठलेल्या तळ्यांत हजारो रशियन बुडाले, ही गोष्ट मात्र फ्रेंचांनी फुगवलेली. नंतर तळी उपसली तेव्हा मोजकेच मृतदेह निघाले.

महिना संपायच्या आत ऑस्ट्रियाने फ्रान्सशी प्रेसबर्गचा तह केला, आणि १८०६ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सिसच्याच अधिपत्याखालचं, मुख्यतः जर्मन राज्यांचं पवित्र रोमन साम्राज्यही विसर्जित झालं.