एबीएस मोड्यूल बदलण्याआधी ६० ओहम मोजून घ्या

प्रश्न : माझी डिझेल हॅचबॅक आठ वर्षांची आहे. पावसाळा लागल्यापासून चाक खड्ड्यात आदळलं की एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिनचे दिवे एकदम लागतात, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर येतो. दोन-चार मिनिटांत सगळं पूर्ववत. स्कॅनरवर 'यू ०१२१' कोड आला म्हणून गॅरेजमध्ये एबीएस मोड्यूल बदलायला सांगितलंय. खर्च ३०,००० रुपयांच्या वर. बदलू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : इतक्यात अजिबात बदलू नका. 'यू ०१२१' चा अर्थ एवढाच की बाकीच्या मोड्यूलना, म्हणजे गाडीतल्या छोट्या कंट्रोल संगणकांना, एबीएसचा (ब्रेक दाबताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) आवाज ऐकू येत नाहीये. आवाज का येत नाही, ते हा कोड सांगत नाही.

तुमच्या गाडीत इंजिन, एबीएस, स्टिअरिंग, मीटर हे सगळे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवर बोलतात. हीच कॅन लाइन. बॉशने ती १९८६ मध्ये जगापुढे आणली. बऱ्याच गाड्यांत वेगाचा आकडा एबीएसकडूनच येतो, म्हणून ते गप्प झालं की काटा पडतो आणि स्टिअरिंगही तक्रार करतं. तीन दिवे लागले तरी बिघाड एकाच जागी असू शकतो.

या लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाचेक मिनिटं थांबा आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टीमीटर लावा. दोन्ही रेझिस्टर समांतर असल्याने ६० च्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एकच रेझिस्टर दिसतोय, म्हणजे लाइन कुठेतरी तुटलीय; शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. मल्टीमीटर लावलेलं असतानाच दुसऱ्याला हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवायला सांगा. तुमचा बिघाड हादऱ्याने येतो, त्यामुळे आकडा तेव्हाच उडेल.

स्थिर ६० आला तरी काम संपत नाही. एबीएसकडे जाणारी फांदी तुटली असेल तर सॉकेटवर ६०च दिसतो. काही गाड्यांत सॉकेट आणि लाइन यांच्या मध्ये गेटवे (निरोप पुढे पाठवणारं वेगळं मोड्यूल) असतो, तिथेही सॉकेटवरचं रीडिंग पुरेसं नाही. म्हणून एबीएसचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) उघडून पिना बघा, आणि त्याचा सप्लाय आणि अर्थिंग लोड देऊन, म्हणजे करंट वाहत असताना, तपासा.

गेल्या जुलैत माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. मोड्यूल नवं टाकूनही दिवे लागत होते. सॉकेटवर ११८ ओहम. डाव्या बाजूचं मॅटिंग उचललं तर खाली पाणी, आणि रिव्हर्स कॅमेरा बसवणाऱ्याने कॅनच्या वायरीला मारलेला टेपचा जोड. टेप सोलली तर तांब्याची हिरवी पूड बोटाला लागली. वायर कापून सोल्डर केली, श्रिंक स्लीव्ह चढवली, पीळ परत दिला. हा पीळ विसरायचा नाही. त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच पडतो, आणि मोड्यूल दोघींमधला फरक वाचतं म्हणून तो गळून जातो. त्या माणसाचे मोड्यूलचे पैसे मात्र गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

मोड्यूलच्या आतला सांधा सुटलेला असू शकतो, पण ते सगळ्यात शेवटी बघायचं. तुम्ही बाहेरून काही ॲक्सेसरी बसवली असेल तर तिथूनच सुरुवात करा. तोवर घाटात जपून चालवा. एबीएसचा दिवा लागलेला असताना साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं लॉक होतील.

कोड पुसण्याआधी सगळ्या मोड्यूलमधले कोड लिहून घ्यायला सांगा आणि मल्टीमीटरवर काय आकडा आला तो मला कळवा.