वीस सेंटिमीटरचा वाद

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या एका नव्या वसाहतीत सेमी-डिटॅच्ड घरात राहतो. मागच्या बागेत टोमॅटो, मिरची, दोडक्याची रोपं करायला लाकडी पॉटिंग शेड हवी आहे. दहा बाय आठ फुटांचं, दोन्हीकडे उतरतं छप्पर असलेलं एक मॉडेल ऑनलाइन पसंत करून चारशे पौंड आगाऊ भरले. उंची २.७ मीटर. मागच्या कुंपणापासून दीड फूट सोडून ती बसवायची आहे. शेजारी म्हणतात, परवानगी न घेता उभारलीत तर काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवीन. त्यात घराच्या कागदपत्रांत ‘बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय कोणतंही बांधकाम करू नये’ अशी अट सापडली. शेड घ्यावी की पैसे परत मागावेत?

उत्तर : ताई, शेजाऱ्यांचा सूर तुम्हाला खटकला असेल, पण या जागी या मापाची शेड बसवलीत तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल. बागेतल्या शेडला सहसा परवानगी लागत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल, ते बरोबर आहे. २०१५च्या परमिटेड डेव्हलपमेंट (अर्ज न करता चालणारं बांधकाम) आदेशातल्या ‘क्लास ई’खाली ती सूट मिळते. मात्र त्या सवलतीला मापांच्या मर्यादा आहेत. शेडचा कुठलाही भाग हद्दीपासून दोन मीटरच्या आत आला की अख्ख्या शेडची उंची २.५ मीटरच्या वर जाता कामा नये. तुमची वीस सेंटिमीटरनं जास्त आहे.

दोन मीटर सोडायची तयारी असेल तर दोन्हीकडे उतरत्या छपराला चार मीटरपर्यंत मुभा आहे, फक्त छपराची खालची कड २.५ मीटरच्या आत हवी. ऐकायला सोपं वाटतं. आता टेप घेऊन बागेत जा. समजा बाग सात मीटर रुंद आहे. आठ फुटांची बाजू आडवी धरली तर शेडला जवळजवळ अडीच मीटर लागतात, म्हणजे दोन्हीकडे सव्वादोन मीटर उरतात. मागचं कुंपणही शेडपासून दोन मीटर दूर हवं. नियमात बसली खरी, पण आली बरोबर बागेच्या मध्यात. तिथे कपडे वाळत घालायचे की रोपं लावायची, हे घरात ठरवा! बाग साडेसहा मीटरहून अरुंद असेल तर तो विचारही सोडा.

उंची मोजतात ती शेडला लागून असलेल्या जमिनीपासून. जमीन उताराची असेल तर तिथल्या सर्वांत उंच भागापासून, हा तुमचा फायदा. उलट खाली फरशीचा नाहीतर लाकडी चौकटीचा पाया घातलात तर त्याची जाडीही उंचीत धरली जाते. कॅटलॉगमधली २.४ मीटरची शेड पायासकट कधी २.५च्या वर जाते ते कळतही नाही. म्हणून मी तुमच्या जागी २.३ मीटरच्या आसपासचं, एकाच बाजूला उतरतं छप्पर असलेलं मॉडेल घेतलं असतं. दिसायला तितकं देखणं नाही, पण कुंपणालगत बसतं आणि काउन्सिलकडे जावं लागत नाही. बिल्डिंग रेग्युलेशन्सची, म्हणजे बांधकामाच्या दर्जाच्या वेगळ्या नियमांची, काळजी नको. झोपायची सोय नसलेल्या, १५ चौरस मीटरपर्यंतच्या शेडला ती लागू नाहीत आणि तुमची साडेसातच्या आत आहे.

हे सगळं वसाहतीची ‘क्लास ई’ सूट शाबूत असेल तर. नव्या वसाहतींना परवानगी देताना काउन्सिल कधीकधी ही सूटच काढून घेते. मूळ परवानगीचं पत्र काउन्सिलच्या वेबसाइटवर प्लॅनिंगच्या नोंदीत सापडेल, त्यातल्या अटी वाचा. तशी अट असेल तर २.३ मीटरच्या शेडलाही अर्ज करावा लागेल.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या कागदांतल्या त्या अटीची. काउन्सिलला तिच्याशी काही देणंघेणं नाही, आणि काउन्सिलनं हरकत घेतली नाही म्हणून ती अट संपतही नाही. लँड रजिस्ट्रीतून, म्हणजे जमीन नोंदणी कार्यालयातून, टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) आणि मूळ ट्रान्सफर डीडची (बिल्डरनं घर पहिल्यांदा विकलं त्या दस्ताची) प्रत मागवा. अट फक्त बिल्डरच्या हक्कात आहे की वसाहतीतल्या सगळ्या घरमालकांच्या, ते त्यात कळेल. सगळ्यांच्या हक्कात असेल तर शेजारीही कोर्टात जाऊ शकतात. अशी प्रकरणं कोर्टापर्यंत क्वचितच पोचतात. त्रास होतो तो घर विकताना, घेणाऱ्याचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, संमतीपत्र मागतो तेव्हा. तुम्ही अजून काही उभारलेलं नाही, तेव्हा माप आणि नकाशा जोडून बिल्डरला सरळ पत्र लिहा. थोडी फी मागतील. ‘आधी बांधू, नंतर इन्डेम्निटी विमा (अट मोडल्याबद्दल दावा झाला तर भरपाई देणारा) काढू’ असा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. शेजाऱ्यानं आधीच हरकत घेतली असताना तो विमा मिळणं कठीण.

पैशांचं सोपं आहे. ऑनलाइन खरेदी असल्यानं माल हाती आल्यापासून १४ दिवसांपर्यंत करार रद्द करता येतो, आणि माल येण्याआधीही. अपवाद खास तुमच्या मापानं बनवलेल्या वस्तूंचा. तुम्ही विक्रेत्याच्या ठरलेल्या मॉडेलांतलं एक घेतलंय, त्यामुळे ‘ऑर्डरप्रमाणे बनवतो’ एवढं सांगून त्याला चारशे पौंड ठेवून घेता येणार नाहीत. मात्र खिडक्यांची मापं तुमच्या सांगण्यावरून बदलली असतील तर बाजू लंगडी पडते. ऑर्डरचा ईमेल नीट बघा. करार रद्द करत असल्याचं लेखी कळवा, फोनवर नको, आणि डिलिव्हरीच्या आधीच कळवा. नाहीतर एवढं लाकूड परत पाठवायचं भाडं बहुधा तुमच्याच माथी येईल.

नवी ऑर्डर मात्र बिल्डरचं उत्तर हाती आल्यावरच द्या.