आधी काढ्यातलं ज्येष्ठमध काढा

प्रश्न : मी 61 वर्षांची. बीपीसाठी ॲम्लोडिपिन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली गोळी चालू आहे. मिस्टर 66 वर्षांचे, त्यांना शुगर. मागच्या हिवाळ्यात दोघंही सर्दी-खोकल्याने बेजार झालो, म्हणून यंदा दिवाळीपासून रोज ज्येष्ठमध, सुंठ, मिरी, तुळशीचा काढा घेतो. जोडीला गुळवेलीचा रस, झिंक, सी व्हिटॅमिन आणि डी व्हिटॅमिनची पुडी. आणखी काही सुरू करावं का? हल्ली रात्री माझ्या पायात गोळे येतात, ते थंडीमुळेच ना?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, नवीन काही सुरू करायचं राहू द्या. तुम्ही जाता जाता विचारलेला पायात येणाऱ्या गोळ्यांचा प्रश्नच मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

निफाडचा पारा उतरला की आमच्या पंचवटीतल्या दवाखान्यातही पोटऱ्या चोळत येणारे वाढतात, नाही म्हणत नाही. पण ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन नावाचा घटक असतो. त्याने अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं आणि लघवीवाटे पोटॅशियम जातं. तुमच्या गोळीतलं लघवीचं औषधही बहुधा पोटॅशियम घालवणारंच असणार. म्हणजे गळती दोन्हीकडून, आणि पोटॅशियम कमी पडलं की पायात गोळे येऊ शकतात. घसा बसल्यावर दोन दिवस कांडी चघळली तर सहसा काही बिघडत नाही. दिवाळीपासून रोज उकळून पिणं वेगळं. ज्येष्ठमध आजच बंद करा, बीपी मोजा आणि याच आठवड्यात रक्तातलं सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नका. धडधड किंवा हातापायांत कमजोरी जाणवली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सुंठ, तुळस, चिमूटभर मिरी राहू द्या, घशाला बरं वाटतं.

डी व्हिटॅमिनची पुडी नेमकी कधी घेता ते लिहिलेलं नाही. ती 60,000 युनिटची असेल तर साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, आणि तीही कमतरता असेल तरच देतात. रोज दुधातून घेणारे मी पाहिले आहेत. तुमचंही तसं असेल तर थांबवा आणि त्याच रक्तात कॅल्शियमही बघायला सांगा.

गुळवेलीबद्दल मी जरा कडक आहे, आमचे वैद्य मित्र रागावतात. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, दोष गुळवेलीचा नाही, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी. त्या वेलीच्या खोडावर दाट गाठी असतात. पण गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात वाळकी कांडी हातात घेऊन तुम्हाआम्हाला ते काय ओळखू येणार? बाटलीतल्या रसात तर प्रश्नच नाही. त्यात गुळवेलीने साखर उतरू शकते, मिस्टरांच्या शुगरच्या गोळ्या आधीच चालू असतील. रोजचा रस दोघांनीही सोडावा.

झिंक सर्दी लागल्या लागल्या घेतलं तर थोडीफार मदत होते म्हणतात, पण महिनोन्‌महिने नको. मोठ्या माणसाला दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. जास्त झिंकने शरीरातलं तांबं कमी पडतं. पाकिटावरचा आकडा वाचा. सी व्हिटॅमिन रोज घेतल्याने सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आटोपते. त्याची गरज एका पेरूत भागते. मिस्टरांनाही अर्धा पेरू चालेल, रस काढून नको.

तुमच्या यादीत लस कुठेच दिसली नाही. फ्लूची दरवर्षी दोघांनी घ्यावी, आणि वय व शुगर बघता मिस्टरांनी न्यूमोनियाचीही. विचारायला जाल तेव्हा सगळ्या बाटल्या, पाकिटं आणि काढ्याची पुडी पिशवीत घालून न्या. नुसतं ‘आयुर्वेदिक घेतो’ म्हटलं की आम्ही डॉक्टर मंडळीही पुढे विचारत नाही.