पाठीतली भूल लागली नाही, दावा कशाचा?

प्रश्न : पत्नीचं वजन ११८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक) ४५. खासगी नर्सिंग होममध्ये तारीख ठरवून सिझेरियन झालं. भूलतज्ज्ञ थेट टेबलावरच भेटले. सहा-सात वेळा टोचूनही पाठीतली भूल लागली नाही, म्हणून पूर्ण भूल दिली. श्वासनळीत नळी घालताना ऑक्सिजन घसरला, तीन दिवस आयसीयू. आता बाळ-बाळंतीण ठणठणीत आहेत. संमतिपत्रावर सही माझी. बिल १ लाख ६० हजार. ११ महिने झाले, फाइल देत नाहीत. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : पोलिसांत नको. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला घोर निष्काळजीपणा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) स्पष्ट केलंय.

'भूल लागली नाही' यावरही दावा उभारू नका. चरबीच्या थरामुळे मणक्यांमधली फट बोटांना लागत नाही, नेहमीची सुई आखूड पडते. मुरलेल्या हातालाही पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. पूर्ण भूल दिल्यावर अशा रुग्णाचा ऑक्सिजनही बघता बघता उतरतो. समोरचा वकील हेच सांगेल, आणि ते खरं आहे.

पण हे सगळं आधीपासून ठाऊक असतं, आणि तुमचं बळ तिथेच आहे. एवढ्या वजनाच्या गरोदर बाईला भूलतज्ज्ञानं आधी बघायला हवं : तोंड किती उघडतं, मान किती वळते, पाठ कशी आहे. मग लांब सुई, सोनोग्राफी, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (नळी घालताना घसा पडद्यावर दाखवणारं कॅमेऱ्याचं उपकरण), डोकं-खांदे उंच ठेवायची सोय, मदतीला दुसरा भूलतज्ज्ञ. तारीख ठरलेली असताना 'वेळच मिळाला नाही' ही सबब लंगडी.

सहीचा मुद्दा जोडीला घ्या. पत्नी सज्ञान आणि शुद्धीवर होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या समीरा कोहली निकालानुसार (२००८) धोके आणि पर्याय समजावून संमती त्यांचीच घ्यायला हवी होती. मात्र नुसत्या सहीवर मोठी भरपाई मिळेल असं धरू नका.

आधी फाइल. पत्नीच्या नावानं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत कागद द्यावे लागतात. भूलपूर्व तपासणीची नोंद, भुलेचा चार्ट, आयसीयूचे कागद नाव घेऊन मागा. तपासणीच्या नोंदीवरची वेळ नीट बघा. टेबलावर घेतल्यानंतरची निघाली तर निम्मं काम झालं. मग ते कागद बाहेरच्या भूलतज्ज्ञाला दाखवून लेखी मत घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत इथे पुरत नाही.

तक्रार पत्नीच्या नावे, तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. मुदत घटनेपासून दोन वर्षं. अधिकारक्षेत्र आणि फी ठरते भरलेल्या बिलावरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही. 'भूलतज्ज्ञ बाहेरचे होते' म्हणून नर्सिंग होम सुटत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा सविता गर्ग निकाल, २००४), तरी दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा.

भुलेच्या चार्टची एक प्रत घरीही जपा. पुढच्या कुठल्याही ऑपरेशनला भूलतज्ज्ञ ती आधी मागेल.