दारू पीत नसलो तरी घराजवळच्या परमिट रूममध्ये नुसतं जेवायला गेलं तर चालतं का?

चालतं की! बिनधास्त जा, फक्त दुपारी जा.

तुम्ही लिहिलंय की गल्लीतल्या बारमधून मासे तळल्याचा वास येतो, पण नुसती थाळी मागितली तर वेटर तोंड वाकडं करेल, अशी धास्ती वाटते. मीही पीत नाही. नोकरी परळला, आणि डबा नसेल त्या दिवशी माझं जेवण अशाच एका परमिट रूममध्ये असतं. बाहेर काळी काच, आत भर दुपारी ट्यूबलाइट, सनमायकाची टेबलं, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर कुठली तरी जुनी मॅच, गल्ल्यामागे बालाजीचा फोटो आणि त्याला ताजा हार. आजवर कोणी ‘काय घेणार?’ असं दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. परवाना लागतो तो पिणाऱ्याला. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे, म्हणून तर पाटीवर ‘परमिट रूम’ लिहितात. जेवणाऱ्याला कसलं परमिट!

आता दुपारच का, ते सांगतो. त्या एकाच भटारखान्यातून दोन वेगळी जेवणं निघतात. संध्याकाळी सातनंतर जे येतं ते ग्लासासोबत खायचं असतं: चिकन चिली ड्राय, चणा कोळीवाडा, शेंगदाणा मसाला, मसाला पापड. मीठ चढं, तिखट चढं, तेल सढळ. दोन पेग पोटात गेलेल्या माणसालाही चव लागली पाहिजे ना. आपण कोरड्या तोंडाने खायला बसलो की चौथ्या घासाला पाण्याचा जग संपतो. शिवाय रात्री टेबल अडवून फक्त जेवणारं गिऱ्हाईक मालकाला परवडत नाही. तो बोलणार नाही, पण तुमची ऑर्डर मागे पडेल.

दुपारी बारा ते तीन मात्र ती चक्क खानावळ असते. आसपासच्या ऑफिसातले, दुकानातले, टॅक्सीवाले येतात. एका थाळीत तळलेला बांगडा किंवा बोंबील, वाटीभर रस्सा, दोन चपात्या, भात आणि सोलकढी. आमच्याकडे 250 रुपयांच्या आसपास पडते. गिऱ्हाईक रोजचं असल्यामुळे शिळं खपवता येत नाही. आज फसवलं तर उद्या तो समोरच्या हॉटेलात बसेल.

मुंबईतल्या अशा पुष्कळ बारचे मालक उडपी-मंगळूरकडचे शेट्टी. मेनूकार्डावर पंजाबी, चायनीज, तंदूर अशी चार पानं भरलेली असतात, पण आचाऱ्याचा हात खरा बसलेला असतो तो नारळाच्या वाटणावर. त्यामुळे पनीर बटर मसाल्याच्या वाटेला जाऊ नका. रवा लावलेला बांगडा घ्या, मिळाल्या तर तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या) सुक्क्या घ्या, काहीच सुचलं नाही तर बुर्जी-पाव. बुर्जी वाईट करणारा बार मला अजून भेटायचाय. पापलेटसमोर आकडा नसतो, ‘ए.पी.एस.’ लिहिलेलं असतं, म्हणजे आकाराप्रमाणे भाव. तो आधी विचारा, नाहीतर बिल आल्यावर घाम फुटतो. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट नको. सुकट किंवा सुके बोंबील आहेत का ते विचारा. मला तर ते जास्त आवडतं.

बारीकसारीक गोष्टी: काही ठिकाणी खाली साधा हॉल आणि पोटमाळ्यावर एसी असतो, तिथे त्याच थाळीला जास्त पैसे. खालीच बसा, जेवण लवकर येतं. चणे-काकडीचा चकणा दारूसोबत फुकट असतो, तो आपण मागू नये. मी लिंबू सोडा मागवतो तेव्हा वेटर आपणहून बशी ठेवून जातो, ती गोष्ट वेगळी. बायकोला किंवा आईला घेऊन जायचं असेल तर ‘फॅमिली’ विभाग आहे का ते बघून या. नसेल तर पार्सल घ्या. कोणी त्रास देतं असं नाही, पण सगळ्या नजरा वळतात आणि त्यात जेवण जात नाही. हे बदलायला हवं, पण आजची स्थिती ही आहे.

गटारीच्या दोन-तीन दिवस आधीपासून तिकडे फिरकू नका, दुपारीसुद्धा उभं राहायला जागा नसते. उलट 2 ऑक्टोबरसारख्या ड्राय डेला काही जण भटारखाना चालू ठेवतात. तेव्हा वेटर निवांत असतात, मासा कुठून आला तेही सांगतात. तुमचा बार त्या दिवशी उघडा असतो का, ते आदल्या दिवशी गल्ल्यावर विचारा. आणि एरवी दीडच्या आत पोचा, दोननंतर बांगडा संपलेला असतो आणि मग अंडाकरीवर भागवावं लागतं.