भाडेकरार ताळेबंदात आणताना

इंड एएस ११६ हे भाडेकरारांच्या हिशेबाचे भारतीय लेखामानक १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले असून, मोठ्या मुदतीच्या जागेचा खर्च आता केवळ 'भाडे' म्हणून दाखवून भागत नाही. दर वर्षाअखेरीस १२ लाख रुपये देण्याचा पाच वर्षांचा करार १० टक्के व्याजदराने आजच्या मूल्यात मांडला, तर सुमारे ४५.४९ लाखांचे दायित्व आणि तेवढीच वापरहक्काची मालमत्ता (जागा वापरण्याच्या हक्काचे मूल्य) ताळेबंदात येते; पहिल्या वर्षी व्याज ४.५५ लाख व घसारा ९.१० लाख, म्हणजे १२ ऐवजी १३.६५ लाखांचा भार नफ्यावर पडतो. कर्ज-भांडवल गुणोत्तरही वाढते, म्हणून बँकेशी आधीच बोला. नूतनीकरणाचे कलम मात्र स्वतः वाचा, कारण माझ्या अनुभवात चूक आकडेमोडीपेक्षा कराराची मुदत ठरवतानाच अधिक होते.