हक्कांची वकिली साताऱ्यात राहून होते का?

प्रश्न : वकीलताई, मी कराडला टीवायबीएला आहे, पॉलिटिकल सायन्स. पुढं लॉ करून दलित, भटके-विमुक्त, बायका यांच्या हक्कांच्या केसेस लढवायच्यात. घरचे म्हणतात असली वकिली मुंबई-दिल्लीत चालते, इथं पोट भरणार नाही. इंग्रजीपण कच्चं आहे. काय करू?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : अगं, हक्कांची केस सुरू होते ती तुझ्या तालुक्याच्या पोलीस स्टेशनात, फिर्याद लिहून घेतात तिथं, आणि बऱ्याचदा तिथंच ती ढिली पडते. ॲट्रॉसिटीचंच, म्हणजे दलित-आदिवासींवरच्या अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचंच बघ ना, फिर्यादीत नुसतं 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढंच लिहितात, शब्द नेमके काय होते, चावडीसमोर घडलं की घरात, आजूबाजूला कोण उभं होतं यातलं काहीच नसतं, आणि शिवीगाळीचं कलम लागायला तर घटना लोकांच्या समोर घडलेली लागते, मग पुढं उलटतपासात आरोपीचा वकील नेमकं तेच धरतो. त्यात 2018 पासून या कायद्यात 18ए कलम आहे, गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही, तरीपण 'आधी चौकशी करतो, उद्या या' म्हणून माणसाला परत पाठवतात, याची मला फार चीड येते. अशा वेळी कलम तोंडपाठ असलेलं कुणीतरी शेजारी उभं पाहिजे. ते तू हो.

म्हणून आत्तापासून बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्यांचा मूळ मजकूर वाच. 1989 चा ॲट्रॉसिटी, 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा, आणि आपल्या राज्याचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा. असे बहिष्कार घालणाऱ्या जातपंचायतींच्या विरोधात अंनिसनं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं, जो आवाज उठवला तो साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हयातीतच, तेव्हा हे आपल्या मातीतलं काम आहे, परकं नाही.

ॲडमिशनचं सोपं आहे, ग्रॅज्युएशननंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी. साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, सांगलीतपण कॉलेजेस आहेत. इंग्रजीचं एवढं टेन्शन नको घेऊस, खालच्या कोर्टात जबाब, अर्ज, युक्तिवाद मराठीत चालतात. हायकोर्टात मात्र इंग्रजी लागतंच, त्यामुळे रोज एक निकाल वाचायची सवय लाव. आणि हायकोर्ट म्हणजे मुंबई असंही आता राहिलं नाही, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय, सातारा-सांगलीची प्रकरणं तिथंच चालतात. सुट्टीत जाऊन मागं बसून ऐक.

पैशाचं खरं सांगते, सुरुवातीची काही वर्षं ओढाताण होते. आमच्यातले बहुतेकजण सोबत अपघात क्लेम, पोटगी, जमिनीचे दावे करतात, त्यात काही कमीपणा नाही. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची फी मात्र 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं 750 रुपयांवर आणलीये, एससी-एसटींना 125.

लॉला गेलीस की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव दे. तिथून बायकांना, एससी-एसटींना, कोठडीतल्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो हे गावात कितीजणांना माहीत नसतं, तुझं पहिलं काम तेच.